वणवा आणि उपरणं

"तर मग बाबा, या सगळ्यांत जीवघेणी आग कोणती म्हणायची?"

पद्माकर मास्तरांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना ऐकायचं नव्हतं, द्यायचं होतं. खालच्या गावात ते मुलांना इतिहास शिकवत. त्यातही मोठमोठ्या आगींचा इतिहास त्यांना तोंडपाठ. म्हाताऱ्या लतीफबाबा फकिरांनी एकदा मान डोलावली की आपली विद्या पुरी झाली, एवढ्यासाठी स्वारी भर उन्हात डोंगर चढून आली होती.

बाबा उतारावरच्या वाळक्या गवतात बसून चिलीम भरत होते.

"तूच सांग, बेटा."

मास्तर खुलले. एका नाटकघराची आग त्यांनी रंगवून सांगितली. दारं आत उघडणारी, माणसांची रेटारेटी, दार काही उघडेना... मग एका डोंगराळ खेड्यातला वणवा.

"माणसं घाबरून चढावर पळाली, बाबा. पण चढावर वणवा माणसापेक्षा जोरात धावतो. सगळ्यांना वाटेतच गाठलं."

"सगळ्यांना?"

"एक म्हातारी तेवढी वाचली म्हणतात."

"ती कशी वाचली?"

मास्तर अडखळले. "ते... ते कुठे लिहिलेलं नाही."

"हं..."

बाबांनी चिलीम खाली ठेवली. ते दरीकडे बघत होते.

दरीतून धूर वर येत होता. वाराही तिकडूनच. बघता बघता धुराखाली लाल रेघ दिसू लागली आणि गवतातले तित्तिर फडफडत डोक्यावरून निघून गेले.

"वणवा!" मास्तर ओरडले. "उठा बाबा, वर पळा!"

आत्ताच सांगितलेला इतिहास मास्तरांच्या डोक्यातून साफ उडाला होता. जिवावर बेतलं की असंच होतं, त्यांना तरी काय बोलायचं!

बाबा उठले. पळाले मात्र नाहीत. काडी ओढून त्यांनी शांतपणे वरच्या बाजूचं गवत पेटवलं.

मास्तरांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी ती आग बडवून बडवून विझवली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? खालून वणवा येतोय आणि तुम्ही पळायची वाटच पेटवताय?"

बाबांनी काडेपेटी पुन्हा उघडली. काडेपेटीत एकच काडी उरली होती. या खेपेला त्यांनी आधी मास्तरांचं उपरणं हिसकावून घेतलं, मग वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढली.

गवत पेटलं. वाऱ्याबरोबर ती आग सरसर वर गेली आणि मागे काळी, धुमसती जमीन राहिली.

"चल आत."

"आत? आगीत?"

बाबांनी त्यांना मानेला धरून काळ्या जमिनीत ढकललं आणि पालथं पाडलं. खाली तळवे भाजत होते, वर धुराने श्वास कोंडत होता. मास्तरांना वाटलं, संपलं सगळं. या वेड्याच्या नादी लागून फुकट मेलो.

वणवा गर्जत आला. काळ्या जमिनीच्या कडेला थबकला. खायला काही सापडेना, तसा दोन्ही बाजूंनी वळून वर निघून गेला.

...

बऱ्याच वेळाने मास्तर उठून बसले. तोंड काजळीने माखलेलं. मारायला आली ती आग, आणि वाचवलं तेही आगीनेच? की बाबांनी? आणि मघाशी आपण जिवाच्या आकांताने केलं, ते नेमकं काय केलं? उद्या मुलांसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? त्यांना काही उमगेना. रडूच आलं.

"बाबा..." ते म्हणाले. "सगळ्यांत जीवघेणी आग कोणती?"

आता ते खरोखर विचारत होते.

बाबांनी भोकं पडलेलं उपरणं झटकलं आणि मास्तरांच्या खांद्यावर ठेवलं.

"मघाशी तू विझवलीस ना, बेटा... ती."