कुंपणाबाहेरची पात

आमच्या वाडीत गवती चहाचे ठोंब सगळे कुंपणाबाहेर, वाटेच्या कडेला. पाहुणे सांगतात, आत लावा की, धूळ बसते. बसू दे. पात धुऊन घ्यावी.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा चहा कुणी चाखला नव्हता. या गवताला नुसती पात म्हणत. आलं-गूळ घालून उकळली की घाम फुटतो, ताप उतरतो, भरलेली छाती मोकळी होते, असा सगळ्यांचा विश्वास. पात उगवायची फक्त वरच्या माळावर. एका हिवाळ्यात तापाची साथ आली आणि किल्लेदाराने माळावर पहारा बसवला. पात फक्त गडाला. ज्याच्या अंगणात ती सापडेल त्याचे घर मोडायचे, अशी दवंडी पिटली.

चिमाबाई धनगरणीची लेक ठकी तेव्हा तापाने फणफणत होती. चिमाबाई म्हणे भरदिवसा विळा घेऊन माळावर चढली. पहारेकरी आडवा आला.

"पोर तापलीया माजी. आडवायचं तर आडव," ती म्हणाली.

त्याने मान फिरवली, असे सांगतात. तिने अख्खा ठोंब मुळासकट उपटला, निम्मा उकळून ठकीला पाजला आणि उरलेला कुंपणाबाहेर लावला. घर मोडायला शिपाई आले, तर ही दारात उभी.

"हुकूम अंगणाचा हाय. बघा अंगण, काडी न्हाई. ही तर वाट हाय. मोडा वाट!"

शिपायांनी चिडून ठोंब उपटला, फोडला, भिरकावला. ते वळताच वाडीतल्या बायांनी एकेक फुटवा उचलला आणि आपापल्या कुंपणाबाहेर खोवला. मग किल्लेदार स्वतः आला.

"कुणाची आहे ही पात?"

"ज्याला ताप आलाय त्याची," चिमाबाई म्हणाली. "गडावर कुणी आजारी असंल, तर तुमीबी न्या कापून."

सगळ्या बाया तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. किल्लेदाराने घोडा वळवला. माळावरचा पहारा उठला आणि ठकी बरी झाली.

आजही पात कापणाऱ्याला इथे कुणी हटकत नाही. मागे एका हॉटेलवाल्याने वाटेवरचे ठोंब भिंतीच्या आत घेतले. आम्ही दिवसाढवळ्या ती भिंत पाडली. पोलीस आले. भिंत कुणी पाडली, म्हणून विचारू लागले.

अख्ख्या वाडीने हात वर केला.