शिंप्याने शिवलेली मोटार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा सिंहासनावर राजे होते आणि रस्त्यावर मोटारही होती. दोन्ही एकाच वेळी कसे, असं सांगणाऱ्याला विचारू नये. विचारलं की गोष्ट रुसून बसते.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका वर्षी तिथे तापाची साथ आली. वैद्य राहायचे घाटापलीकडे, आणि घाट असा उभा की बैलसुद्धा अर्ध्यावर बसकण मारायचे. तेव्हा राजाने आपली एक मोटार गावाकडे पाठवली. महिनाभर ती मोटार घाट चढत होती आणि उतरत होती. तिने घरोघरची माणसं वैद्यांकडे नेली आणि जिवंत परत आणली. कुणाची बायको, कुणाचा बाप, कुणाचं अंगावर पिणारं लेकरू. साथ सरली तेव्हा राजा म्हणाला, "मोटार आता गावाचीच. जपा तिला."

आता हे गाव काही केलेले उपकार विसरणारं नव्हतं. लोकांनी चावडीशेजारी मांडव घातला, मोटार त्यात उभी केली आणि तिचं नाव ठेवलं मोटारआई. दर सोमवारी गावचा गुरव तिची पूजा करी. हळद-कुंकू वाही, टपावर नारळ फोडून पाणी ओती, दारांच्या काचांच्या फटीत फुलं खोवी. दरवर्षी दसऱ्याला तिला नवा शेंदरी रंग फासत. त्याच दिवशी हँडल मारून तिचं यंत्र तेवढं एकदा सुरू करत आणि तिची घरघर हात जोडून ऐकत. पण तिच्यात बसायचं मात्र कुणी नाही. आईच्या डोक्यावर कुणी बसतं का? एकदा एक कुत्रं आत जाऊन झोपलं, तर गावाने तीन दिवस शुद्धी केली. कुत्र्याने त्या तीन दिवसांत दुसरी जागा शोधली.

अशी तीस वर्षं गेली.

त्या गावात एक शिंपी होता. चार वर्षांचा असताना तोही तापाने फणफणून, आईच्या मांडीवर, त्याच मोटारीतून घाट चढला होता. चोळ्या-सदरे शिवून पोट भरायचा. पण शिवण संपली की त्याचे हात काही स्वस्थ बसत नसत. कुणाची छत्री, कुणाचं कुलूप, कुणाचा कंदील घरी आणून दुरुस्त करत बसायचा. पैसा घ्यायचा नाही. "मोडकं दिसलं की हात शिवशिवतात," म्हणायचा.

नागपंचमीच्या सकाळी तो मोटारआईला हळद लावायला गेला. दाराच्या खालच्या कडेला त्याने बोट टेकवलं, आणि बोट सरळ आत गेलं. पापड मोडावा तसा पत्रा मोडला. भोकातून तांबडा भुगा त्याच्या पायावर सांडला. त्याने दुसरीकडे दाबून पाहिलं, तिथेही तेच. वरून शेंदरी रंग तुकतुकीत आणि आत सगळा गंज!

तो धावत पाटलांकडे गेला. दुपारी चावडीवर पंच बसले.

"त्यात काय एवढं?" पाटील म्हणाले. "यंदा रंगाचे दोन हात जास्त द्या."

"पाटील, रंग कशावर बसणार? खाली पत्राच उरला नाही. असंच चाललं तर दोन-चार वर्षांत नुसती चाकं उरतील. मला दसऱ्यापर्यंत मुदत द्या. घरी नेतो, गंज खरवडतो, सडलेलं कापून नवा पत्रा लावतो."

गुरव ताडकन उठला. त्याच्या बायकोला त्या साथीत मोटारीनेच मरणाच्या दारातून परत आणलं होतं. तेव्हापासून त्याचा एकही सोमवार चुकला नव्हता. भर पावसात, अंगात कणकण असतानासुद्धा.

"खरवडतो? आईचं कातडं सोलणार तू, शिंप्या? तिच्याच पुण्याईनं जगलास ना रे?"

"म्हणूनच म्हणतो, काका."

खूप बाचाबाची झाली. शेवटी पंचांनी निवाडा दिला. शिंप्याने मोटार न्यावी. दसऱ्याला ती धडधाकट उभी राहिली तर ठीक. नाही राहिली, तर तिच्या उरल्यासुरल्या अंगाभोवती चौथरा बांधून तिला कायमची बुजवावी, आणि शिंप्याने सूर्य मावळायच्या आत गावची वेस ओलांडावी.

शिंप्याच्या बायकोने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "छत्र्या होत्या तोवर ठीक होतं. आता बिऱ्हाड पाठीवर घ्यायची पाळी आणलीत!" पण संध्याकाळी अंगण तिनेच झाडून ठेवलं.

नागपंचमीला काही कापू-चिरू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बारा जणांनी अनवाणी पायांनी मोटार ढकलत शिंप्याच्या अंगणात आणली. त्यांच्या मागोमाग गुरव आला आणि कुंपणापाशी दगडावर बसला. नुसता बघत बसला. मग रोजच येऊन बसू लागला.

शिंपी खरवडू लागला. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. तीस दसरे त्या दारावर एकावर एक चढले होते. पत्रा उघडा पडला तेव्हा शिंप्याला रडू आलं. चाळणी झाली होती नुसती. पण त्याचा हात कापायला धजेना. ज्या मोटारीने आपल्याला जगवलं, तिला कात्री कशी लावायची? त्याने भोकांवर वरच्यावर पत्र्याचे तुकडे बसवले आणि कडेकडेने खिळे ठोकून टाकले. चार दिवसांनी त्याने दार जोराने लावलं, आणि सगळी ठिगळं खळाखळा अंगणात पडली.

गुरव दगडावरून हसला. ते हसणं काही आनंदाचं नव्हतं.

शिंपी म्हाताऱ्या लोहाराकडे गेला. साथीच्या वर्षी हाच लोहार राजाच्या मोटारवाल्याच्या शेजारी बसायचा. हँडल मारायचा, आणि मोटारवाला थकला की स्वतः मोटार हाकायचा. लोहार आला. त्याने बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं. कुठे टण्ण वाजलं, कुठे भद्द.

"लेका, तू शिंपी ना?" तो म्हणाला. "विरलेल्या कापडाला ठिगळ शिवतोस का?"

"नाही. टाका धडक्या कापडातच घालावा लागतो. विरलेलं आधी कापून टाकायचं."

"मग पत्र्याला येगळा न्याय का?"

"हात होत नाही, बाबा. माया आडवी येते."

"माया हाय म्हणूनच काप. टण्ण वाजंल तिथवर जा. तिथवर न्हाई गेलास, तर गंज तुझ्या ठिगळाखालून फुडं सरकंल."

शिंपी रात्रभर तळमळला. सकाळी त्याने मोटारीच्या पाया पडून माफी मागितली आणि लोहाराची पत्रा कापायची कात्री उचलली. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र हाताला बेत सापडला. जुन्या पंचांगाची पानं दारावर धरून तो माप घ्यायचा, कागद कापायचा, कागदावरून पत्रा कापायचा. कडा दुमडायचा, जशी सदऱ्याची दुमडतात. लोहार तापलेले खिळे ठोकायचा. शिवणीला कुठे झोल नाही, कुठे चुणी नाही.

एका दुपारी गुरवाची बायको नवऱ्यासाठी भाकरी घेऊन आली. तिला यायला फार वेळ लागायचा. तापाने जीव तेवढा ठेवला होता, पण पायांतली ताकद नेली होती. ती मोटारीच्या आत डोकावली आणि बसायच्या गादीवरून तिने हळूच हात फिरवला.

"इथंच निजले होते मी," ती म्हणाली. "घाट उतरताना वाटलं, जगले. थोरली बहीण पलीकडंच राहते रे. तेव्हापासून तिला पाहिलं नाही. या पायांनी घाट कसा चढायचा?"

गुरवाने भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली.

मग मागच्या दाराची पाळी आली. ते सगळ्यात जास्त सडलं होतं. शिंप्याने दाराचा आतला पत्रा उघडला आणि तो चकितच झाला. आत वीतभर काळा चिखल होता. त्याने हात घालून तो बाहेर काढला. त्यात कुजलेल्या पाकळ्या होत्या, तांदूळ होते, कुंकवाचे गोळे होते, आणि आंबलेल्या नारळपाण्याचा वास येत होता. चिखल निघाल्यावर दाराच्या तळाशी ओळीने बारीक भोकं दिसली. आत शिरलेलं पाणी वाहून जावं म्हणून करणाऱ्याने ती ठेवली होती. तीस वर्षांच्या फुलांनी आणि अक्षतांनी ती गच्च बुजली होती. पाणी आत जायचं आणि तिथेच साचायचं. रंग वरून लागत राहिला, पत्रा आतून सडत राहिला.

शिंप्याने मान वर केली तेव्हा गुरव दगडावरून उठून त्याच्या मागेच उभा होता. त्याने चिखल पाहिला, भोकं पाहिली. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"म्हणजे मीच," तो म्हणाला आणि खाली बसला. "दर सोमवारी. माझ्याच हातानं."

शिंप्याला किती बोलता आलं असतं! दीड महिना ज्याने कुंपणाशी बसून डोळे वटारले, त्याला चार शब्द सुनवायची आयती संधी होती. पण तो गुरवाशेजारी मातीत बसला.

"काका, तुमची माया खोटी नव्हती. मीही हळद लावतच होतो की. सगळं गाव लावत होतं. तिला काय हवंय, हे मात्र आपण कुणीच विचारलं नाही. तिला फक्त कोरडं राहायचं होतं."

गुरव तोंड झाकून रडला. बऱ्याच वेळाने तो उठला, घरी गेला आणि त्या सोमवारचा नारळ घेऊन आला. त्याने तो अंगणातल्या दगडावर फोडला. पाणी तांब्यात धरलं आणि तांब्या शिंप्यापुढे केला.

"घे. उन्हात राबतोयस. तू पी."

त्या दिवसापासून दगड रिकामा राहिला. गुरव काडीने एकेक भोक कोरून साफ करू लागला. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक आधी वरमले, मग हातात काही ना काही घेऊन आले. कुणी तेलाच्या डब्याचा पत्रा आणला, कुणी जवसाचं तेल. पाटलांनी ट्रंकेचं झाकण आणून दिलं आणि "दोन हात रंग" हे शब्द पुन्हा काढले नाहीत. शिंप्याने पत्रा घासून लख्ख केला, आतून तेल लावलं, वर रंगाखालच्या अस्तराचा एक हात दिला आणि रंगाचा एकच. शिंप्याला वाटलं, आपण एकट्याने ऋण फेडायला निघालो होतो, आणि आज सगळं गाव आपल्याला ऋणी करून जातंय.

दसरा उजाडला. मोटार अंगणात उभी होती. नवी दिसत नव्हती. ठिगळं दिसत होती, खिळ्यांच्या ओळी दिसत होत्या. पाटलांनी दारावर टकटक केलं. टण्ण! त्यांनी चारी बाजूंनी फिरून टकटक केलं आणि मग शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वेस तुला ओलांडायचीच आहे," ते म्हणाले, "पण हिच्यात बसून."

हँडल मारलं. यंत्र घरघरलं. लोकांनी सवयीने हात जोडले आणि आता पुढे काय करायचं ते कुणाला कळेना. तेव्हा गुरवाने आपल्या बायकोला हाताला धरून आणलं आणि मागच्या दारापाशी उभं केलं.

"बस," तो म्हणाला.

"अहो, मोटारआईत? लोक काय म्हणतील?"

"बस म्हणतो ना!"

ती बसली. शेजारी गुरव बसला, पुढे लोहार आणि शिंपी. मोटार गावातून निघाली, वेस ओलांडून घाटाला लागली. मध्ये एकदा थांबली, धापा टाकल्या, पुन्हा निघाली. घाटापलीकडच्या एका ओसरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मोटारीतून कोण उतरतंय ते तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सूप हातातून पडलं. दोघी बहिणी एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपत राहिल्या.

गुरव मोटारीला टेकून हे बघत होता. परत निघताना तो बायकोला म्हणाला, "तीस वर्षं मी हिला दर सोमवारी अंघोळ घातली. हिच्यामुळं तू मला परत मिळालीस म्हणून. आणि तुला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुला कुठं जायचंय का?"

बायकोने डोळे पुसले. "आता विचारलंत ना? मग पुढच्या सोमवारी पुन्हा यायचं."

पुढच्या सोमवारी ती गेली, आणि त्याच्या पुढच्याही. मोटार रोज धावू लागली आणि रोज कोरड्या फडक्याने पुसली जाऊ लागली. गावातल्या पुष्कळ घरांत त्या वर्षी लोक आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या नुसत्या पाया पडून उठेनासे झाले. खाली बसून विचारू लागले, "काय हवंय तुम्हाला?"

तात्पर्य: ज्याने आपल्यावर उपकार केले, त्याला नुसते हार घालू नयेत, त्याला काय हवं ते विचारून त्याची निगा राखावी, हीच खरी कृतज्ञता.