गारमाथ्यावरचा उभा घाव

गारमाथ्याच्या पठारावर नाताळासाठी फरची झाडं वाढवतात. तिथं गेलात तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. एकही झाड जमिनीलगत तोडलेलं नाही. सगळे खुंट कमरेइतके उंच, खाली फांद्यांचा हिरवा घेर आणि त्या घेरातूनच नवं झाड सरळ वर निघालेलं. पाहुण्यांनी विचारलं, की मळ्याच्या मालकीणबाई एस्तेरआजी उजगरे हातातलं काम बाजूला ठेवून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी इथं शिमोन नावाचा माळी राहायचा. मायदेशी परत निघालेल्या एका पाद्र्यानं त्याला मूठभर बी दिलं होतं म्हणे. त्यातलं एकच रोप जगलं. उन्हाळ्यात शिमोन त्याच्यावर ओलं गोणपाट धरून बसायचा. बायको सलोमी हसून म्हणायची, "लेकीला ऊन लागेल. तुमचं जेवण इथंच आणू का?" त्यांना मूलबाळ नव्हतं.

बारा वर्षांत झाड दीड पुरुष उंच झालं, आणि त्याच पावसाळ्यात सलोमीला ताप भरला. नऊ दिवस उतरेना. शिमोननं झाडापाशी गुडघे टेकले. "देवा, ही उठली तर नाताळाला हे झाड तुझ्या देवळात," असा नवस तो बोलला. दुसऱ्या दिवशी सलोमीनं पेज मागितली, असं सांगतात.

नाताळ आला. शिमोन कुऱ्हाड घेऊन गेला तो झाडाला पाठ लावून बसूनच राहिला. झाड द्यायचं नाही असं नव्हतं. हात उचलवत नव्हता, इतकंच. ऊन चढलं तशी सलोमी काठी टेकत आली.

"नवस माझ्यापायी बोललात ना? मग द्या इकडं कुऱ्हाड."

"अगं, तुला धड उभं राहवत नाही."

"उभं राहवतंय. वाकवत नाही तेवढं."

म्हणून तिनं उभ्यानंच, कमरेच्या उंचीवर घाव घातले. दर दोन घावांनी थांबून श्वास घ्यायची. शिमोननं तिला मागून धरलं होतं. झाड पडलं. खाली फांद्यांचं एक कडं तेवढं उरलं. देवळात झाड खुजं दिसलं, लोक कुजबुजले. शिमोनला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या शेजारी सलोमी उभी राहून गात होती.

पुढच्या उन्हाळ्यात तो खुंट उपटायला गेला, तर उरलेल्या फांद्यांतल्या एकीनं शेंडा आभाळाकडे वळवला होता. "सलोमे, चल! लवकर चल!" ओरडत तो घराकडे पळाला. दोघं त्या शेंड्यापाशीच बसली. त्या एका खुंटानं त्यांच्या हयातीत आणखी दोन झाडं दिली म्हणे.

आजही गारमाथ्यावर पहिला घाव घरातली बाई घालते, तोही उभ्यानं. नवऱ्यानं त्या वेळी तिला मागून धरायचं असतं. एस्तेरआजींचे यजमान आता ऐंशीचे आहेत, त्यांचे हात कापतात. "हे मला धरतात की मी यांना, ते काही सांगता यायचं नाही," आजी म्हणतात. झाड पडेपर्यंत दोघंही जागची हलत नाहीत.