हिंगूळकोंडाचे पाणी

हिंगूळकोंड या वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक खाण आहे. खाण कसली, वाकून आत शिरावे लागेल एवढे भोक, आणि तेही दगड रचून बुजवलेले. भोवतालचा कातळ काळा, त्यातून लाल रेघा गेलेल्या, खरचटल्यावर रक्त उमटावे तशा. हा हिंगूळ, पाऱ्याचा दगड. दगडांतले जाणकार सांगतात, की इथे खोलवर उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत. त्यांचे कढत पाणी कोणे एके काळी भेगांतून वर चढले आणि थंडावताना हा लाल खडा मागे ठेवून गेले. गावचे महादूबाबा गुरव वर आलेल्या पाहुण्यांना एवढे दाखवतात, मग दम घेत दगडावर टेकतात आणि भिवराची हकीगत सांगू लागतात.

किती पिढ्या झाल्या, त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा हा डोंगर देसायांचा होता म्हणे. पुरुष आत हिंगूळ फोडत, बायका बाहेर भट्टी सांभाळत. खडा कुटून मडक्यात घालायचा, वर दुसरे मडके पालथे घालून सांधा मातीने लिंपायचा आणि खाली जाळ करायचा. वरच्या मडक्यावर ओली फडकी टाकली की आतली वाफ निवून पाऱ्याचे थेंब धरत. सांधा कितीही लिंपा, थोडी वाफ निसटायचीच.

भिवराने त्या भट्टीवर अठरा पावसाळे काढले. नवरा खाणीतच झिजून गेला. आधी तिच्या हिरड्या सुजल्या, मग दात हलू लागले, मग हात. पेजेची वाटी ओठांशी नेईपर्यंत निम्मी अंगावर सांडे. साऱ्या कोंडाचे तेच, म्हणून कोणी कोणाकडे बघत नसे. झोपून उठले तरी अंगातला शीण तसाच असे.

देसाई दर चैत्रात एकदा खाण पाहायला येत. वेशीवर गावाने पाणी द्यायचे, ते पिऊन त्यांनी वर चढायचे, असा रिवाज. विसाजी कारभारी त्या दिवशी थरथरत्या माणसांना खोपटात बसवून ठेवी आणि हात धड असलेल्या एखाद्या पोरीला पुढे करी. त्या साली त्याने भिवराच्या सगुणेला बोलावले. पोर चौदा वर्षांची.

"आज पाणी दे, आणि परवापासून भट्टीवर ये," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या हातून आता मडकी फुटतात."

भिवराच्या अंगात भांडायचे त्राणच नव्हते. पण देसाई आले, सगुणेने तांब्या उचलला, तशी ती खोपटातून उठून बाहेर आली आणि तिने लेकीच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"धनी, पाणी मी देते."

विसाजी धावला, पण देसायांनी त्याला थांबवले. उन्हातून आल्याने ते तहानले होते. भिवरा चार पावले चालली. पाणी तिच्या लुगड्यावर, धुळीत, देसायांच्या पायांवर सांडले. तांब्या त्यांच्या हाती गेला तेव्हा तळाशी घोटभरही उरले नव्हते.

"दुसऱ्या कुणाला तरी सांग," देसाई चिडून म्हणाले.

"सांगते की." भिवरा खोपटाकडे वळली. "धोंडी, ये गं. लखूभावजी, तुम्हीही या."

मग एकेक जण आला. प्रत्येकाने घागरीतून तांब्या भरला आणि देसायांपर्यंत नेला. चाळीसेक माणसे होती. असे सांगतात, की ऊन डोक्यावर आले तरी देसायांच्या घशाखाली थेंब उतरला नाही आणि वेशीवरच्या वाटेचा चिखल झाला. शेवटी देसाई त्या चिखलाशेजारीच खाली बसले.

"हे कशानं झालं?"

"पाऱ्यानं, धनी. तो हातात ठरत नाही म्हणतात. आमच्या हातांत ठरलाय."

"मला आजवर कुणी बोललं कसं नाही?"

"बोलायला तुमच्या दारापर्यंत चालत येईल, एवढं कुणात बळ होतं?" भिवरा म्हणाली. "तुम्ही वेशीला येता तेव्हा आम्हाला खोपटात बसवतात. आज पोरीवर आलं, म्हणून उठले. माझी पोर तेवढी भट्टीवर नको."

देसायांनी तांब्या स्वतः भरला आणि तिच्या हातात दिला. मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांनी धरले. चार हातांनी तो तांब्या वर गेला आणि ते प्याले. त्याच दिवशी भट्ट्या फोडल्या आणि खाणीचे तोंड दगडांनी बुजवले. काहीजण म्हणतात, की हिंगूळ तसाही संपत आला होता. महादूबाबा हेही लपवत नाहीत.

भिवराचे हात मात्र मरेपर्यंत थांबले नाहीत. पुढची सात वर्षे सगुणेने तिला घास भरवला. पहिला महिनाभर ती नुसती झोपून होती म्हणे, भर दुपारीसुद्धा, आणि कोंडात तिला कोणी उठवले नाही.

आजही हिंगूळकोंडात पाहुण्याला पाणी देताना घरचे माणूस तांब्या सोडून देत नाही. पाहुण्याने तो दोन्ही हातांनी धरायचा, देणाऱ्यानेही धरूनच ठेवायचा, पहिला घोट पोटात जाईपर्यंत. नवखा माणूस संकोचतो, हात मागे घेऊ पाहतो. तेव्हा घरची बाई हळूच म्हणते, "असू द्या. धरलंय मी."