चाळीस देवणी गाई

एकदा, वैशाख सरत आलेला असताना, एका मोठ्या गोपालकाच्या फाटकासमोर सकाळीच तीन मालमोटारी येऊन उभ्या राहिल्या. या गोपालकाचे नाव मल्लिनाथशेट. त्यांच्या गोठ्यात शुद्ध देवणी वंशाच्या चाळीस गाई होत्या, आणि त्या सर्व आज जाणार होत्या. परमुलखातल्या व्यापाऱ्याशी बोलणे पक्के झाले होते. ऊन तापण्याआधी निघायचे म्हणून व्यापाऱ्याची घाई चालली होती. पहिल्या मोटारीत चौदा गाई चढल्या होत्या, आणि दुसरीच्या फळीपाशी एक वयस्क गाय पाय रोवून उभी होती.

हा निर्णय ज्या अहवालावरून झाला, तो महानंदाचा होता. महानंदा पशुवैद्यकाचे शिक्षण पुरे करून काशिनाथअप्पा नावाच्या वृद्ध संवर्धकाजवळ तीन वर्षे शिकली होती. अप्पांनी पन्नास वर्षे जनावरांच्या वंशावळी राखल्या होत्या. त्यांच्याकडून निघाल्यावर मल्लिनाथशेटनी तिला एक काम दिले. कोणत्या वंशाची कालवड कमीत कमी चाऱ्यात लवकर अंगाने भरते, ते शोधून काढायचे.

महानंदाने ते काम निष्ठेने केले. बारा देवणी, बारा विदेशी, आणि देवणी गाय व विदेशी वळू यांच्यापासून झालेल्या बारा संकरित कालवडी तिने निवडल्या. दोन वर्षे ती रोज गव्हाणीत टाकलेली वैरण तोलून घेई, उरलेली तोलून काढी, आणि दर पंधरवड्याला प्रत्येक कालवड काट्यावर उभी करी. निकाल स्वच्छ होता. विदेशी कालवडी उन्हाने धापा टाकत, देवणी सावकाश वाढत. संकरित मात्र दोघींच्या पुढे गेल्या. किलोभर वजन वाढायला त्यांना सर्वांत कमी चारा लागला. अहवालाच्या शेवटी तिने लिहिले, ‘संकरित सर्वोत्तम. यापुढे संकरित गाईंना संकरित वळूच लावावा. शुद्ध देवणी कळप ठेवण्याचे प्रयोजन नाही.’

दुसऱ्या मोटारीची फळी वाजत असतानाच रस्त्यावरून एक टेंपो आला आणि नेमका फाटकात आडवा उभा राहिला. त्यातून अप्पा उतरले. त्यांनी कोणालाही नमस्कार केला नाही. मागची फळी पाडून त्यांनी एकामागून एक पाच वासरे उतरवली आणि फाटकाच्या गजांना बांधून टाकली. वाट पूर्ण बंद झाली.

“अप्पा, हे काय चालवलंय?” मल्लिनाथशेट पुढे आले. “गाड्या निघायच्यात. सोडा ती जनावरं.”

“सोडतो. आधी माझ्या शिष्येला एक विचारू द्या.” अप्पा फळीपाशी उभ्या असलेल्या महानंदाकडे वळले. “माय, ही पाच वासरं बघ. कोणत्या वंशाची ते सांग.”

महानंदाचा चेहरा उतरला. चार माणसांसमोर आपली परीक्षा, तीही आत्ता! तिला अपमान वाटला, आणि रागही आला. पण गुरूंचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. ती पहिल्या वासराजवळ गेली.

“हे जवळपास विदेशीच. हाड मोठं, कातडी पातळ.” ती दुसऱ्याकडे सरकली. “हे देवणीकडचं. कान लोंबते, गळ्याखाली लोंबणारी पोळी मोठी.” तिसरे वासरू सावलीतही तोंड उघडून धापा टाकत होते, त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. “याला खायला मिळालेलं नाही. चौथं चांगलं आहे, आपल्या संकरितांसारखं. पाचवं कशाचं ते कळत नाही. पाच ठिकाणांहून आणलीत तुम्ही, अप्पा.”

“गाड्यांचं काय?” व्यापारी ओरडला. “ऊन चढलं तर आतली जनावरं गुदमरतील!”

“एक क्षण,” अप्पा म्हणाले. “माय, या पाचांचा बाप एकच आहे. याच गोठ्यातला संकरित वळू. शेटनी तो मला दिला होता. आणि पाचांच्या आया याच गोठ्यातून मी नेलेल्या संकरित गाई. पाचही तीन आठवड्यांच्या आत जन्मली, एका गव्हाणीवर वाढली. सगळ्यात मोठं एकशे ऐंशी किलोचं, सगळ्यात लहान पंच्याण्णवचं. तुझ्यासारखीच मी रोज वैरण तोलली आहे.”

महानंदाने पुन्हा तिसऱ्या वासराकडे पाहिले. मग अप्पांच्या हातातल्या वजनांच्या वहीसाठी हात पुढे केला, आणि अप्पांनी ती दिली. उभ्या उभ्या तिने सहा पाने वाचली.

“तुझी मापं बरोबर आहेत,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “त्यांत रतीभर खोट नाही. पण कोण उत्तम, एवढंच तू विचारलंस. ते उत्तम कुठून आलं आणि उद्या कुठून येईल, हे विचारायचं राहिलं. तुझ्या बारा कालवडींचा जोम दोन निराळ्या रक्तांच्या पहिल्या भेटीतला आहे. ती भेट दरवेळी नव्याने घडवावी लागते, आणि त्यासाठी एका अंगाला शुद्ध देवणी उभी असावी लागते. संकराला संकर लावत गेलीस तर पुढची पिढी अशी पाच दिशांना फाकते. ज्यांच्यामुळे तुझा निकाल आला, त्या गाई तू गाडीत चढवते आहेस.”

“मग आधी का नाही सांगितलंत?” महानंदाने विचारले.

“आधी माझ्याजवळ नुसता अंदाज होता. तो तुझ्या दोन वर्षांच्या तोलापुढे टिकला नसता, आणि टिकूही नये. शेवटचं वजन परवा झालं. गाई जाणार हे काल रात्री कळलं. एवढ्यात जातील असं वाटलं नव्हतं मला. ती चूक माझी.”

आता सर्वजण महानंदाकडे पाहत होते. अप्पांचे म्हणणे खरे मानणे म्हणजे मालकांचा दिलेला शब्द मोडायला सांगणे, आणि दोन वर्षांच्या कामाखाली स्वतःच्या हाताने रेघ मारणे. तिने वही मिटली आणि मल्लिनाथशेटसमोर जाऊन उभी राहिली.

“शेट, माझ्या अहवालाची शेवटची ओळ चुकली आहे. मी एकच पिढी तपासली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं सांगून मोकळी झाले. गाई थांबवा.”

“तुझ्या शब्दावर मी हा सौदा केला!”

“हो. म्हणून मीच सांगते आहे. काय बोलायचं ते मला बोला.”

मल्लिनाथशेटनी त्या धापा टाकणाऱ्या वासराकडे पाहिले. मग ते व्यापाऱ्याला बाजूला घेऊन गेले. आवाज चढले, उतरले, पुन्हा चढले. व्यापारी भरलेली गाडी सोडायला तयार होईना. अखेर चौदा गाई गेल्या आणि सव्वीस राहिल्या. अप्पांनी फाटक मोकळे केले. पहिली मोटार त्यातून बाहेर पडली, तेव्हा महानंदाने मान खाली घातली नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली.

पुढे ती त्या चौदा गाईंच्या शोधात गावोगाव फिरली. नऊ सापडल्या, त्यांतल्या तीन गाई नव्या मालकांनी परत दिल्या. सव्वीस आणि तीन गाईंची वंशावळ तिने नव्याने मांडली. निम्म्या गाई शुद्ध देवणी वळूकडे आणि निम्म्या संकरासाठी विदेशी वळूकडे, असा नेम तिने घालून दिला.

काही वर्षांनी शेजारच्या तालुक्यातला एक तरुण गोपालक तिच्याकडे आला. “ताई, फार खोलात नका जाऊ,” तो म्हणाला. “सगळ्यात चांगली जात कोणती, एवढंच सांगा.”

महानंदाने त्याला बसायला सांगितले. “कशासाठी चांगली,” तिने विचारले, “आणि किती पिढ्यांपर्यंत?”