न उघडता निवडलेला कन्व्हर्टर

“न उघडता, न बसवता, या वखारीतला चांगला कन्व्हर्टर कोणता ते आत्ताच्या आत्ता सांगा! नाहीतर मिस्त्री, उद्यापासून तुम्ही मोटारखान्यात नाही, उंटखान्यात!”

उदाजीराजे कडाडले आणि शिदोबा मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. त्यांच्या मुलीनं, चांगुणानं तो उचलला. ती मोटारखान्यात वडिलांच्या हाताखाली काम करायची. उंट नुसता दिसला तरी वडिलांना घाम फुटतो, हे तिला ठाऊक होतं.

राजांच्या शर्यतीच्या मोटारीचा टॉर्क कन्व्हर्टर निकामी झाला होता. घाटाची शर्यत उद्यावर आलेली, नवा मिळायची आशा नाही, म्हणून सगळे केरबाशेठच्या जुन्या सामानाच्या वखारीत आले होते. समोर तीन कन्व्हर्टर चांदीच्या रंगात चमचमत होते. दोन पराती तोंडाला तोंड लावून कायमच्या जोडाव्यात, तशी ही भांडी. इंजिनाचा जोर यांच्यातल्या तेलातून चाकांकडे जातो. पण आत काय झिजलंय, ते बाहेरून ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही! कापून बघावं तर भांडं वाया, आणि बसवायला वेळ एकापुरताच.

“सरकार, बाहेरून कसं कळणार?” मिस्त्री पुटपुटले.

“‘कसं’ हा शब्द आम्हाला ऐकू येत नाही!”

केरबाशेठ मात्र खुशीत. “तिन्ही एक नंबर, सरकार! डोळे मिटून उचला. फक्त, उचललेला माल परत घेत नाही!”

“मी निवडते, सरकार,” चांगुणा पुढे झाली. “पण व्यवहार आपल्या बैलबाजाराच्या रीतीनं! विकणारा स्वतः गाडीत बसून बैल चढावर चालवून दाखवतो.”

“मंजूर!” राजे म्हणाले.

चांगुणानं सगळ्यात चकचकीत कन्व्हर्टरवर हात ठेवला. “मग हा!”

“वा! पोरीला पारख आहे हो!”

“शेठजी, उद्या सरकारांच्या शेजारी तुम्ही बसायचं. मोटार जिथं अडेल, तिथून घाटमाथ्यापर्यंत तुम्ही ढकलायची. सरकार उतरणार नाहीत!”

शेठजींनी आधी दारातून दिसणाऱ्या घाटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

“पोरी… तो राहू दे. शेजारचा घे.”

“तो चढेल?”

“अर्धा घाट तरी नक्की!”

“म्हणजे उरलेला अर्धा तुम्ही ढकलणार?”

“आणि तिसरा?” राजांनी मिशीवर हात फिरवत विचारलं.

“तिसऱ्याचं नावच काढू नका, सरकार!” शेठजी आत पळाले आणि पोत्यात गुंडाळलेला, काळाकुट्ट, तेलकट कन्व्हर्टर छातीशी धरून आले. “हा घ्या! पलीकडच्या जहागीरदारांसाठी राखून ठेवला होता. याच्यावर मी माझ्या म्हाताऱ्या आईलासुद्धा घाट चढवीन!”

“हाच, सरकार,” चांगुणा म्हणाली.

राजांनी डोळे वटारले. “हा तर शेठनं निवडला! आमचा हुकूम काय होता?”

“भांडं उघडायचं नाही, हा हुकूम होता. शेठजींचं तोंड उघडायचं नाही, असं कुठं म्हणालात?”

राजे एवढे हसले की वखारीचे पत्रे थरथरले! हसता हसताच त्यांनी बोटातली अंगठी काढली. चांगुणाच्या बोटात ती सैल झाली, तेव्हा तिनं ती सरळ अंगठ्यात घातली.

“मिस्त्री, मोटारखाना तुमचाच! आणि शेठजी, सकाळी लवकर या. पुढची जागा तुमची!”