पळणाऱ्याचं पान

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. तिथं पिकायचं बेताचं, पण खेळायचं रग्गड. आट्यापाट्या म्हणजे गावाचा जीव की प्राण. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना आधी सांगतो, नाहीतर पुढं मधेच विचारत बसाल. मैदानावर नऊ आडव्या रेघा आखायच्या, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर समोरच्या संघाचा एक गडी हात पसरून उभा. त्या सगळ्यांना हुलकावणी देत एकानं पलीकडं जायचं आणि तसंच परत यायचं. परत आला की लोण झालं, आणि लोण झालं की जिंकलं. म्हणजे बाकीच्यांनी कितीही घाम गाळला तरी गावाची अब्रू एकाच माणसाच्या दोन पायांवर असायची.

त्या दोन पायांसाठी गावात एक रीत होती. जत्रेच्या आधी भैरोबाच्या देवळात तांब्याच्या ताटलीत विडा मांडायचे. जो तो उचलेल तो वर्षभर गावाचा पळणारा. त्याला घरटी पाळीपाळीनं दूध मिळायचं, जत्रेला नवं धोतर मिळायचं, आणि गावजेवणाला पहिल्या पंगतीत कारभाऱ्याच्या शेजारी त्याचं पान मांडलं जायचं. तो विडा कनवटीला लावून मैदानात उतरायचं आणि लोण आणलं की सगळ्यांदेखत खायचा. पुढच्या वर्षी नवा विडा. पाय चालत असतील तर पुन्हा उचलायचा, नसतील तर बाजूला व्हायचं. लिखापढी काही नाही, विडा उचलला की शब्द दिला.

तीन वर्षं हा विडा हैबती उचलत होता. विशीतला पोरगा, अंगानं काटक, पायाला भिंगरी लावलेली. बसला तरी त्याचा डावा पाय हलतच असायचा. आई करवादायची, म्हणायची, अरे पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते. हैबती घटकाभर थांबवायचा, की पुन्हा सुरू.

गेल्या जत्रेच्या जेवणाला मात्र तो पाय आपणहून थांबला. हैबती पहिल्या पंगतीत बसला होता, पानात गव्हाची खीर पडली होती, आणि समोर देवळाच्या खांबाला टेकून मुकिंदा उभा होता. मुकिंदा म्हणजे हैबतीच्या आधीचा पळणारा. त्याच्या लोणांच्या गोष्टी ऐकतच हैबती वाढला होता. एका वर्षी पाटीवर मुकिंदाचा घोटा मोडला, तो काही धड सांधला नाही. तेव्हापासून तो लंगडत मैदानावर चुन्याची फक्की टाकायचा, पाट्या आखायचा, आणि शेवटची पंगत बसेपर्यंत खांबापाशी थांबायचा. त्याला कुणी छळत नव्हतं बरं का. कुणी टोमणासुद्धा मारत नव्हतं. तो कुणाच्या ध्यानातच नव्हता, आणि हे मला विचाराल तर छळापेक्षा वाईट.

हैबतीनं उचललेला खिरीचा घास परत पानात ठेवला. उद्या त्या खांबाला आपली पाठ टेकलेली असणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन पडेना. सराव करताना पाऊल टाकलं की तो घोट्याचाच विचार करायचा, आणि पळणारा घोट्याचा विचार करायला लागला की कसलं पळणं घेऊन बसलात.

पुन्हा जत्रा जवळ आली, ताटलीत विडा मांडला गेला. सगळं गाव देवळात जमलेलं. हैबती पुढं झाला, पण त्यानं हात काही पुढं केला नाही.

"कारभारी, विडा उचलतो," तो म्हणाला, "पण नुसत्या वर्षाचा नाही. पाय गेले तरी पहिल्या पंगतीतलं माझं पान हलणार नाही, एवढं देवासमोर बोला."

गावचा कारभारी तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याला रीत म्हणजे देव, आणि देवापेक्षा थोडं वरचं जिंकणं. तो हसून म्हणाला, "पोरा, आंबे उतरल्यावर झाडाखाली राखण्या बसतो का कुणी?"

लोक हसले. हैबतीची कानशिलं तापली. तो तसाच मागं वळला आणि पायऱ्या उतरून घरी गेला. विडा ताटलीतच राहिला.

मग सुरू झाली ओढाताण. पहिल्यांदा कारभाऱ्याच्या घरचं दूध बंद झालं, मग त्याचं बघून इतरांचं. पाणवठ्यावर बायका हैबतीच्या आईशी बोलेनाशा झाल्या. कुणी म्हणे पोर माजलं, कुणी हळूच म्हणे पोराचं काय चुकलं. रोज कुणीतरी कारभाऱ्याचा निरोप घेऊन यायचं. धोतराची जोडी घे. बरं, वर फेटा घे. बरं बाबा, एक दुभती म्हैस घे. म्हैस द्यायला कारभारी तयार होता, शब्द द्यायला नव्हता. म्हैस आटली की विकता येते, शब्दाचं तसं नसतं ना.

हैबती हट्टानं घरी बसला. बसला कसला, येरझारा घालत राहिला. संध्याकाळी मैदानावरून सरावाचा कल्ला ऐकू आला की त्याचे पाय आपोआप ओट्याकडं वळायचे आणि तो त्यांना ओढून आत आणायचा. आई बिचारी बघत राहायची. पाय हलवू नको म्हणायचंही तिनं सोडून दिलं.

अशात खिंडीपलीकडच्या गावचा माणूस आला. हैबतीनं विडा उचलला नाही ही बातमी तिकडं पोचली होती. त्यांच्या गावात पळणाऱ्याला चांदीचं कडं घालायची रीत होती. हैबती रागाच्या भरात निघाला. तिथं त्यांनी त्याला मानानं बसवलं, ताक दिलं, कडं समोर ठेवलं. कडं छान होतं, जाड होतं, पण एका बाजूला चेपलेलं होतं. हैबतीनं सहज मान वर केली तर मैदानाच्या कडेला एकजण काठी घेऊन बसलेला. त्याच्या मनगटावर कड्याचा पांढरा वळ अजून होता, आणि गुडघ्याला चिंध्या बांधलेल्या होत्या. हैबतीनं पुढं काही विचारलं नाही. पळसाला पानं तीनच, कुठंही जा. ताक संपवून तो आल्या वाटेनं परत फिरला.

तोवर इकडं विडा उचलला गेला होता. कारभाऱ्याचा भाचा सुभाना, त्याच्या विधवा बहिणीचा एकुलता एक. पोरगा मनानं लोण्याचा गोळा, अंगानं भारी. पाटी धरायला पहाड, पण पळायला नव्हे. मामानं सांगितलं म्हणून त्यानं उचलला. दुसऱ्या दिवशी तो हैबतीच्या दारात आला आणि खाली बघत म्हणाला, की पाचव्या पाटीवर समोरच्या संघाचा जो बुटका गडी असतो, त्याला कसं चुकवायचं तेवढं सांग.

हैबतीला ते माहीत होतं. तो बुटका वाकून पायाशीच हात मारायचा. तिथं पाऊल रोवायचं नसतं, नुसतं टेकवायचं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण जिवाची नुसती तगमग झालेली, त्यातून डोक्यात राख. "उचललास ना विडा?" तो म्हणाला. "मग पळ."

सुभाना मान डोलावून निघून गेला. हैबतीला ते लगेच टोचलं, पण हाक काही त्यानं मारली नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. मैदानाभोवती मुंगीला वाट नव्हती. हैबती येणार नव्हता, तरी आलाच, आणि मुकिंदाच्या फक्कीच्या टोपलीजवळ जाऊन उभा राहिला. हलगी कडाडली. सुभानानं पहिली पाटी ओलांडली, दुसरी ओलांडली, लोकांना वाटलं पोरगा नाव काढतो. चौथीपर्यंत तो धडपडत गेला. पाचवीवर बुटका वाकला, सुभानानं पाऊल रोवलं, आणि वरचं सगळं अंग त्या पावलावर फिरलं. काडकन आवाज झाला तो कडेपर्यंत ऐकू आला.

पंचानं हात वर केला. खेळाचा नियम असा, की पळणारा पडला तर हलगी वाजत असेपर्यंत दुसरा उतरवायचा. हलगी थांबली की हार. कारभारी मैदानात धावला. सुभाना दोन्ही हातांनी पाय धरून पडला होता. मामा आला म्हणून त्यानं हात पुढं केला, तर मामानं तो बाजूला सारला, त्याच्या कनवटीचा विडा ओढून काढला आणि तसाच पळत हैबतीसमोर आला.

"उचल," तो म्हणाला. "जन्मभराचं पान तुझं. पाय जावोत, काही होवो. भैरोबाची शपथ, सगळ्या गावासमोर बोलतो."

झालं, हवं होतं ते हैबतीला मिळालं. त्याचा डावा पाय थडथड उडायला लागला. समोर नऊ पाट्या मोकळ्या दिसत होत्या, त्यातून कसं जायचं हे त्याच्या पोटऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. त्याचा हात विड्यापर्यंत गेलाही.

तेवढ्यात त्याला सुभाना दिसला. तो कोपरांवर अंग रेटत कडेकडे सरकत होता. आपण पाटीत आडवे पडून खेळाचा खोळंबा करतोय, म्हणून. अख्खं गाव हैबतीच्या हाताकडं बघत होतं. त्या पोराकडं जात होता तो एकटा मुकिंदा, लंगडत लंगडत, आणि तो काही लवकर पोचणार नव्हता.

हैबतीला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस आपण भांडलो ते कशासाठी, तर आपल्या एका पानासाठी. तीन वर्षं पहिल्या पंगतीत बसलो, पण मुकिंदाकाका, इकडं या, असं आपणही कधी म्हटलं नाही. आणि हा जो आता मातीतून सरपटतोय, त्याला आपण दोन वाक्यं सांगितली नाहीत. त्यानं हात मागं घेतला, कारभाऱ्याला ओलांडून मैदानात गेला आणि सुभानाला पाठीवर घेतलं.

"अरे, विडा!" कारभारी ओरडला. "हलगी थांबेल!"

"थांबू दे," हैबती म्हणाला. "कारभारी, माझ्या एकट्याचं पान नको. आधी ह्याचं पान कुठं मांडणार ते सांगा."

हलगी थांबली. समोरच्या गावानं जिंकल्याचं निशाण नेलं. त्या दिवशी हैबतीला ज्या शिव्या बसल्या त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

तरी जेवण काही चुकत नाही. हरलं म्हणून पोट थोडंच ऐकतं? संध्याकाळी देवळासमोर पंगत बसली. हाडवैद्यानं कामट्या बांधलेला सुभाना भिंतीशी टेकवला होता. कारभाऱ्याची बहीण खिरीची बादली घेऊन वाढायला निघाली. भावाच्या पानापाशी आली आणि थांबली.

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या सुभानाला आता कितव्या पंगतीला वाढू?"

आपला तो बाब्या असतो, आणि दुसऱ्याचं कार्टं शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं; पण बाब्याचा पाय मोडला की रीत कशी घशात अडकते ते आंब्यांचा दाखला देणाऱ्या कारभाऱ्याला त्या घटकेला कळलं. तो भरल्या पानावरून उठला. खांबापाशी गेला, मुकिंदाचा हात धरला आणि त्याला आणून आपल्या जागी बसवलं. मग सुभानाला उचलून त्याच्या शेजारी बसवलं, पाय नीट लांब करून. "हे मी फार आधी करायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला आणि स्वतः खांबापाशी जाऊन उभा राहिला, शेवटच्या पंगतीची वाट बघत. मुकिंदा कितीतरी वेळ पानाला हात लावेना. त्याचे डोळे भरून आले होते.

पुढच्या वर्षी विडा मांडला तेव्हा कारभारी देवासमोर आधी बोलला: ह्या गावासाठी ज्याचा पाय गेला, मग तो पळणारा असो की पाटी धरणारा, त्याचं पान पहिल्या पंगतीत, मरेपर्यंत. मग हैबतीनं विडा उचलला. लोण आलं का म्हणाल तर आलं, आणि त्यानंतरही खूप आलं. हैबतीचे पाय तेच होते. पण आता पाटी धरणारे गडीसुद्धा अंग चोरत नव्हते. पडलो तर गाव उचलेल, हे ठाऊक असलेला माणूस वेगळाच खेळतो.

बऱ्याच वर्षांनी हैबतीचाही गुडघा गेला. त्या साली जेवणाच्या वेळी तो उगाच खांबापाशी घुटमळला. पाय गप्प होता. तेवढ्यात नव्या पळणाऱ्यानं पंगतीतून हाक मारली, "हैबतीकाका, तुमच्या पानासाठी पंगत थांबलीय." हैबती जाऊन बसला. खीर आली, त्यानं पहिला घास घेतला, आणि पानाखाली त्याचा डावा पाय पुन्हा हलायला लागला. पलीकडं काठी टेकून बसलेला सुभाना हसला आणि म्हणाला, "थांबव रे तो पाय, लक्ष्मी जाते."

"ह्या पंगतीतून नाही जायची," हैबती म्हणाला.

आता तात्पर्य विचाराल, तर ते एवढंच: पळणाऱ्याला पान कुणीही वाढतं, पडलेल्याला वाढतं त्यालाच गाव म्हणायचं.